दुखत नाही म्हणून तपासायचं?

थोड्याशा लाळेतून कर्करोग कळणार, मधुमेह कळणार, हृदयविकाराचा धोका कळणार, अशा मथळ्यांची आता सवय झाली आहे. त्यांच्याकडे लोकांचं लक्ष जातं याचं कारण समजण्यासारखं आहे. सुईची भीती ही काही मूठभर नाजूक माणसांची तक्रार नाही. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार तरुण प्रौढांपैकी साधारण 20 ते 30 टक्के लोकांना सुईची भीती वाटते आणि लहान वयात तर ती बहुतेकांना वाटते. भीतीपोटी लोक तपासणी टाळतात, पुढे ढकलतात, दुखणं अंगावर काढतात. नमुना घेताना टोचावं लागणार नसेल, नमुना घरी बसून स्वतःच देता येणार असेल, तर अशी कितीतरी माणसं वेळेत डॉक्टरांपर्यंत पोचतील. म्हणूनच लाळेच्या चाचण्या वाढाव्यात असं मला मनापासून वाटतं.

पण दुखत नाही हे नमुना घेण्याच्या पद्धतीचं कौतुक झालं. चाचणी करावी की नाही, हा प्रश्न त्यानंतरही तसाच उरतो. हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले की धडधाकट माणसाला रुग्ण करून ठेवायला फार वेळ लागत नाही.

आधी लाळेविषयी थोडं. दिवसाकाठी आपल्या तोंडात साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. तिच्यात 99 टक्क्यांहून अधिक पाणीच असतं. उरलेल्या अंशात क्षार, पाचक विकरं, बुळबुळीतपणा देणारी म्युसिन प्रथिनं, रोगजंतूंशी लढणारी प्रतिपिंडं, गालाच्या आतल्या अस्तराच्या सुटलेल्या पेशी, असंख्य जीवाणू आणि रक्तातून झिरपून आलेलं थोडंफार असं सगळं असतं. 2008 साली शास्त्रज्ञांनी मानवी लाळेतल्या 1,166 प्रथिनांची यादी प्रसिद्ध केली, तेव्हा 'शरीराचा आरसा' ही उपमा लाळेला कायमची चिकटली. पण या आरशात सगळं सारखं उमटत नाही. कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकासारखे लहान, मेदात विरघळणारे रेणू लाळग्रंथींच्या पेशींमधून सहज पलीकडे जातात, त्यामुळे रक्तातल्या मोकळ्या कॉर्टिसॉलचा अंदाज लाळेतून चांगला येतो. मोठी प्रथिनं मात्र अडतात. रक्तातली प्रतिपिंडं लाळेत उतरतात ती मुख्यतः हिरडी आणि दात यांच्या फटीतून पाझरून, आणि तीही रक्ताच्या मानाने शेकडो पटींनी कमी. साखरेचं तर विचारूच नका. लाळेत ती मुळातच नाममात्र, त्यात तोंडातले जीवाणू ती खातात, शिवाय नुकतंच काही खाल्लेलं असेल तर त्याची भर वेगळीच. म्हणून लाळेवरून मधुमेह ओळखण्याचे प्रयत्न इतकी वर्षं होत असूनही ती पद्धत रक्ततपासणीची जागा घेऊ शकलेली नाही. तेव्हा 'लाळचाचणी चांगली की वाईट' असं सरसकट विचारण्यात अर्थ नाही. कोणत्या आजारासाठी, लाळेतल्या कोणत्या घटकासाठी, कोणत्या माणसात, हे विचारलं तरच उत्तर मिळेल.

जिथे उत्तर मिळालं आहे तिथे ते फार चांगलं आहे. एचआयव्हीचं उदाहरण घ्या. तोंडातल्या द्रवावरून एचआयव्हीची प्रतिपिंडं झटपट ओळखणाऱ्या चाचणीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2004 मध्ये मंजुरी दिली आणि जुलै 2012 मध्ये तीच चाचणी घरी स्वतः करण्यासाठी दुकानात विकायलाही मंजुरी मिळाली. तिची रीत साधी आहे. चपट्या टोकाची कांडी वरच्या हिरडीवरून एकदा आणि खालच्या हिरडीवरून एकदा फिरवायची, द्रव भरलेल्या नळीत उभी करायची आणि 20 मिनिटांनी पाहायचं. 40 मिनिटं उलटून गेली असतील तर तो निकाल धरायचा नाही. 'सी'समोर रेघ उमटली म्हणजे चाचणी नीट चालली. 'टी'समोर उमटली, अगदी पुसट का असेना, तर पॉझिटिव्ह समजून पक्की तपासणी करून घ्यायची. या कांडीवर विषाणू सापडत नाही, त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं सापडतात. ती तयार व्हायला वेळ लागतो, त्यामुळे संसर्गानंतर तीन महिन्यांपर्यंत निगेटिव्ह निकालावर भरवसा ठेवता येत नाही.

मंजुरीपूर्वी लोकांनी स्वतः केलेल्या चाचण्यांचे जे आकडे समोर आले ते लपवले गेले नाहीत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. संसर्ग असलेल्यांपैकी साधारण 92 टक्के लोक त्या चाचणीत सापडले, म्हणजे दर बारांमागे एकजण हातून निसटला. संसर्ग नसलेल्यांमध्ये मात्र चुकीचं पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण पाच हजारांत एक एवढंच होतं. बारांतला एक निसटतो म्हणजे चाचणी टाकाऊ, असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. लाजेपोटी, बदनामीच्या भीतीने जो माणूस दवाखान्याची पायरीच चढणार नव्हता, त्याच्यापुढे रक्ताची अधिक अचूक चाचणी हा पर्याय प्रत्यक्षात नव्हताच. त्याच्यापुढे ही चाचणी होती किंवा काहीच नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2016 मध्ये एचआयव्हीच्या स्वचाचणीची शिफारस केली. तोपर्यंत पॉझिटिव्ह आलेल्यासाठी पुढे पक्की तपासणी कुठली आणि औषध कुठलं हे ठरलेलं होतं. आधी वाट तयार झाली, मग दार उघडलं.

नवजात बाळांचं उदाहरण मला त्याहून हृदयाजवळचं वाटतं. सायटोमेगॅलोव्हायरस, म्हणजेच सीएमव्ही, हा विषाणू गरोदरपणात बाळापर्यंत पोचला तर पुढे बहिरेपण येऊ शकतं. जन्मजात बहिरेपणाच्या आनुवंशिक नसलेल्या कारणांत तो सर्वांत मोठा. बरीच बाळं जन्मतः अगदी ठणठणीत दिसतात, त्यामुळे शंकासुद्धा येत नाही. टाचेतून घेतलेल्या वाळवलेल्या रक्तथेंबांवर ही तपासणी करून पाहिली, तेव्हा निम्म्याहून जास्त बाळं निसटत असल्याचं 2010 मध्ये दिसून आलं. पुढच्याच वर्षी सुमारे 35 हजार बाळांच्या अभ्यासात तोंडातून फिरवलेल्या बोळ्यावरच्या लाळेने 97 टक्क्यांहून अधिक संसर्ग पकडले. इथे लाळ रक्ताची गरीब बहीण नाही, सरळसरळ सरस आहे. विषाणू लाळेत भरपूर उतरतो, हे त्यामागचं कारण. इथेही पथ्यं आहेतच. आईच्या दुधातून तोच विषाणू बाळाच्या तोंडात येऊ शकतो, म्हणून पाजल्यावर निदान तासभर थांबून नमुना घ्यायचा. पॉझिटिव्ह आलं तर लघवी तपासून खात्री करायची, आणि हे सगळं जन्मापासून 21 दिवसांच्या आत. त्यानंतर संसर्ग पोटातला की जन्मानंतरचा हे सांगता येत नाही. जन्मतः लक्षणं असलेल्या बाळाला पहिल्या महिन्यात औषध सुरू झालं तर ऐकण्याची शक्ती वाचायला मदत होते. ज्या बाळाची जन्मानंतरची श्रवणचाचणी बिनसली त्याची तरी लाळ त्याच आठवड्यात तपासली गेलीच पाहिजे, आणि जिथे ती तपासली जात नाही तिथे का नाही, हे आईबापांनी विचारलं पाहिजे.

तिसरं उदाहरण कॉर्टिसॉलचं. निरोगी माणसात हे संप्रेरक मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जातं. कुशिंग सिंड्रोममध्ये, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल प्रमाणाबाहेर राहण्याच्या आजारात, ते उतरतच नाही. रात्री अकरा-बारा वाजता रक्त घ्यायचं तर माणसाला दाखल करावं लागणार, झोपेतून उठवून टोचावं लागणार, आणि त्या ताणानेच कॉर्टिसॉल वाढू शकणार. लाळ मात्र तो घरच्या घरी, निजण्यापूर्वी नळीत ठेवू शकतो. 2008 मध्ये अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांच्या संघटनेने, एंडोक्राइन सोसायटीने, पहिल्या टप्प्यातल्या चाचण्यांत तिला जागा दिली, किमान दोन वेळा नमुने घेण्याच्या अटीवर. त्याच मार्गदर्शक तत्त्वांत आणखी एक शिफारस आहे. या आजाराची ठळक लक्षणं किंवा ठरावीक कारणं असतील त्यांनाच तपासा, सरसकट सगळ्यांना तपासू नका. चाचणी इतकी सोपी असूनही तज्ज्ञांनी हात आवरता घ्यायला सांगितलं.

हात का आवरायचा, ते हिशोब मांडल्याशिवाय पटत नाही. समजा एखादा आजार हजारांत एकाला आहे, आणि लाळेची चाचणी दोन्ही बाजूंनी 99 टक्के अचूक आहे. इतकी चांगली चाचणी क्वचितच मिळते. एक लाख लोकांना तपासलं. त्यांत 100 जण आजारी, त्यांपैकी 99 सापडले. उरले 99,900 निरोगी. त्यांच्यातल्या एक टक्क्याला, म्हणजे 999 जणांना, काहीही झालेलं नसताना पॉझिटिव्ह रिपोर्ट आला. एकूण पॉझिटिव्ह 1,098, आणि खरे आजारी 99. म्हणजे हातात पॉझिटिव्ह कागद घेऊन बसलेल्या दर अकरांपैकी दहाजण निरोगी आहेत. '99 टक्के अचूक' हे वाचून त्यांतल्या प्रत्येकाने मात्र आपल्याला आजार 99 टक्के आहेच असं धरलेलं असतं. लक्षणं घेऊन आलेल्या माणसाला तपासणं आणि धडधाकट लोकसंख्येला चाळून काढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जाहिरातीत नेमका हाच फरक गाळला जातो.

जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंग्नर यांनी 1968 मध्ये लोकसंख्येच्या चाळणी तपासणीचे दहा निकष मांडले. चाचणी लोकांना सोसवेल अशी असावी हा त्यांतला एक. आजार महत्त्वाचा असावा, त्याचा लक्षणांआधी ओळखता येण्याजोगा टप्पा असावा, त्यावर मान्य उपचार असावा, निदानाची आणि उपचाराची सोय हाताशी असावी, कुणाला रुग्ण मानून उपचार द्यायचे हे आधी ठरलेलं असावं, असे बाकीचे. वेदनारहित चाचणी दहांतला एक निकष उत्तम पार करते. उरलेल्या नवांचं काय?

सुईची वेदना नकळत एक काम करत आली आहे. टोचून घ्यायचं म्हटलं की माणूस विचारतो, गरज आहे का? डॉक्टरही दोनदा विचार करतात. ती अडचण गेली की हा प्रश्न विचारणारं कुणी उरत नाही. असं झाल्याचं जगाने पाहिलं आहे. जपानमध्ये 1980च्या दशकाच्या मध्यापासून सहा महिन्यांच्या बाळांची लघवी तपासून न्यूरोब्लास्टोमा हा बालवयातला कर्करोग शोधण्याचा देशव्यापी कार्यक्रम चालला. बाळाला काडीचा त्रास नाही, आईबापांनी फक्त कागदावर टिपलेला नमुना पाठवायचा. गाठी धडाधड सापडू लागल्या. पुढे लक्षात आलं की त्यांतल्या पुष्कळ गाठी हात न लावता आपोआप विरून गेल्या असत्या. जर्मनी आणि कॅनडातल्या मोठ्या अभ्यासांनी 2002 मध्ये दाखवून दिलं की अशा तपासणीने मृत्यू कमी होत नाहीत. त्यानंतर जपानने कार्यक्रम थांबवला. मधल्या काळात किती तान्ह्यांवर विनाकारण शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झाली असेल, या विचाराने आजही जीव कासावीस होतो.

दक्षिण कोरियात हीच गोष्ट मानेवरून फिरवायच्या सोनोग्राफीने घडली. इतर कर्करोगांच्या सरकारी तपासणीला आलेल्यांना थायरॉइडही पाहून घ्या असं सुचवलं जाऊ लागलं. 2011 मध्ये थायरॉइड कर्करोगाच्या निदानाचं प्रमाण 1993च्या पंधरापट झालं आणि त्या आजाराने होणारे मृत्यू मात्र होते तिथेच राहिले. गाठ सापडलेल्या जवळजवळ सगळ्यांवर उपचार झाले. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे 11 टक्के लोकांच्या शरीरातला कॅल्शियमचा तोल सांभाळणाऱ्या ग्रंथी निकामी झाल्या, दोन टक्क्यांच्या स्वरतंतूंना लकवा बसला. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो असा. तपासणी मात्र अजिबात दुखली नव्हती.

लाळ हाच धडा कसा गिरवू शकते ते 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासातून दिसतं. लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कॅन्सर रिसर्चच्या पुढाकाराने झालेल्या 'बारकोड 1' या अभ्यासात 55 ते 69 वयाच्या सहा हजारांहून अधिक पुरुषांच्या लाळेतल्या डीएनएवरून प्रोस्टेट कर्करोगाचा आनुवंशिक धोका मोजला. ज्यांचा धोका वरच्या दहा टक्क्यांत आला त्यांना एमआरआय आणि बायॉप्सीसाठी बोलावलं. 468 जण त्यातून गेले आणि 187 जणांत कर्करोग सापडला, त्यांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक गाठी गांभीर्याने घ्याव्यात अशा होत्या. संशोधन म्हणून हे मोलाचं आहे आणि त्यातून खरोखर काही जीव वाचतील. पण हिशोबाची दुसरी बाजूही पाहा. लाळ देताना काहीच दुखलं नाही, पुढे मात्र प्रोस्टेटमध्ये अनेक सुया घालून तुकडे काढावे लागले, आणि त्यातून गेलेल्या 281 जणांना कर्करोग नव्हताच. शिवाय हा अभ्यास युरोपीय वंशाच्या पुरुषांवर झाला. धोका मोजण्याचं तेच गुणांकन इतर वंशांच्या लोकांना जसंच्या तसं लावता येत नाही. अशा चाचणीला 'वेदनारहित' म्हणायचं तर तिच्या पाठोपाठ येणाऱ्या सगळ्या वेदना हिशोबाबाहेर ठेवाव्या लागतील.

बाजाराला त्या बाहेरच ठेवायच्या असतात. थेरानॉस या अमेरिकन कंपनीची उभारणीच सुईच्या भीतीवर झाली होती. बोटातल्या थेंबभर रक्तात असंख्य चाचण्या होतील, शिरेतून रक्त काढावंच लागणार नाही, हा तिचा दावा. ऑक्टोबर 2015 पासून वृत्तपत्रीय शोधातून तो उघडा पडला आणि जानेवारी 2022 मध्ये कंपनीची संस्थापिका गुंतवणूकदारांच्या फसवणुकीत दोषी ठरली. लाळेच्या क्षेत्रातले बहुतेक संशोधक प्रामाणिकच आहेत. अडचण असते ती त्यांच्या छोट्या अभ्यासाचा मोठा मथळा होतो तेव्हा. अशा अभ्यासात बहुधा आजार पक्का ठाऊक असलेले काही रुग्ण एका बाजूला आणि ठणठणीत माणसं दुसऱ्या बाजूला घेतलेली असतात. दोघांच्या लाळेत फरक दिसतो. पण दवाखान्यात येणारी माणसं अशी काळी-पांढरी नसतात. हिरड्या सुजलेल्या, तंबाखू खाणारी, आधीच चार औषधं चालू असलेली, अशी ती असतात. त्यांच्यात तो फरक टिकतो का, हे पाहिल्याशिवाय किट विकायला काढणं म्हणजे आधी कळस मग पाया.

निगेटिव्ह रिपोर्टचा खोटा दिलासाही तितकाच घातक. 2018 मध्ये अमेरिकेत ट्वेंटीथ्री-अँड-मी या कंपनीला लाळेवरून स्तनाच्या कर्करोगाशी संबंधित बीआरसीए जनुकांतले तीन बदल थेट ग्राहकांना सांगायची परवानगी मिळाली. हे तीन बदल प्रामुख्याने अश्केनाझी ज्यू वंशाच्या लोकांत आढळतात, आणि या जनुकांतले माहीत असलेले बदल हजाराहून अधिक आहेत. हे तपशील तिथल्या प्रशासनाने स्पष्टपणे बजावले होते. तरीही 'आढळले नाही' एवढं वाचून किती बायका मॅमोग्राफी पुढे ढकलतील, याची काळजी वाटल्याशिवाय राहत नाही.

नमुना देणं म्हणतात तितकं सोपंही नाही. मान जराशी खाली झुकवून लाळ ओठांमागे साठू द्यायची आणि आखूड नळकांडीतून कुपीत सोडायची. फेस मोजायचा नाही, खुणेपर्यंत पातळ द्रवच यायला हवा. अर्धा तास आधी खाणंपिणं बंद. नुकतेच दात घासले असतील आणि हिरडीतून रक्त आलं असेल तर संप्रेरकांचे आकडे फुगतात. ज्यांचं तोंडच कोरडं पडतं त्यांना दोन मिलिलिटर लाळ जमवताना घाम फुटतो. रक्तदाबाच्या, नैराश्याच्या, ॲलर्जीच्या कित्येक गोळ्यांनी लाळ कमी होते. मानेला किरणोपचार झालेले, लाळग्रंथींना कोरडं पाडणारा श्योग्रेनचा आजार असलेले यांचे तर हालच. यात वयस्कर माणसं जास्त, म्हणजे तपासणीची गरज असलेलीच जास्त. त्यांच्यासाठी रक्ताची वाट उघडी ठेवलीच पाहिजे आणि तीही कमी दुखरी करता येते. शिरेवर बधिर करणारं मलम साधारण तासभर आधी लावलं की टोचणं बरंच सुसह्य होतं.

राहिला डीएनएचा प्रश्न, आणि तो मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करतो. लाळ न दुखवता घेता येते तशी ती न विचारताही घेता येते, पेल्याच्या काठावरूनसुद्धा. आणि कॉर्टिसॉलसाठी दिलेल्या त्याच कुपीत माणसाचा अख्खा जनुकसंच असतो. ट्वेंटीथ्री-अँड-मीच्या सुमारे 69 लाख ग्राहकांची माहिती 2023 मध्ये चोरांच्या हाती लागली आणि मार्च 2025 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. लाखो लोकांच्या लाळेतून काढलेली माहिती ही त्या कंपनीची विक्रीयोग्य मालमत्ता ठरली. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, जनुकं बदलता येत नाहीत. शिवाय ती एकट्याची नसतात. भावाने दिलेल्या लाळेतून बहिणीबद्दलही कळतं, आणि तिला कुणी विचारलेलंच नसतं. म्हणून लाळेवर चालणाऱ्या प्रत्येक चाचणीच्या संमतिपत्रावर तीन गोष्टी ठळक लिहिण्याची कायद्याने सक्ती हवी: या नमुन्यातून नेमकं काय मोजणार, उरलेला नमुना किती दिवसांत नष्ट करणार, आणि कंपनी विकली गेली तर ही माहिती नव्या मालकाकडे जाणार की पुसली जाणार. लहान मुलाची लाळ पाठवली असेल, तर अठरा वर्षांचा झाल्यावर ती सगळी माहिती काढून टाकायला लावण्याचा हक्क त्याचा त्याला मिळाला पाहिजे, आईबापांनी सही केलेली असली तरीही.